ऑटोपायलट चौथ्यांदा सुटला, आता तरी शेपटीकडचा सर्व्हो उघडून बघा

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर

सर,

आमच्या जेटचा ऑटोपायलट परवा उडताना परत सुटला, म्हणजे आपोआप बंद झाला, चार महिन्यांत चौथ्यांदा, आणि तुमच्याकडून विमान नेऊन नऊ दिवस पण झाले नव्हते. फोन केला तर तुमचा माणूस म्हणतो घेऊन या, ऑटोपायलटचा कॉम्प्युटर बदलून देतो, म्हणून हे पत्र लिहितोय, कारण कॉम्प्युटर तुम्ही दोनदा बदललाय, मधे एकदा अ‍ॅटिट्यूडचा, म्हणजे विमानाचा कल मोजणारा बॉक्सही बदलला, प्रत्येक वेळी बिल भरलं आम्ही आणि प्रत्येक वेळी लॉगबुकात तेच, ग्राउंड टेस्ट केली, ठीक आहे.

परवाचं सांगतो. मुंबईहून गुवाहाटीला चाललो होतो, मागे चार पॅसेंजर, ३७,००० फुटांवर. नागपूरच्या जरा अलीकडे आपोआप सुटला आणि नाक खाली गेलं, मी हातात घेईपर्यंत दीडशे फूट गेले. २९,००० ते ४१,००० च्या पट्ट्यात वरच्या-खालच्या विमानात फक्त १,००० फूट असतात, त्यात दीडशे म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिथे उडायचं तर उंची धरणारा ऑटोपायलट चालू असावाच लागतो, तो गेला म्हणून एअर ट्रॅफिक कंट्रोलला कळवलं आणि २८,००० ला आलो, तिथे तेल इतकं जातं की एका दमात गुवाहाटी शक्यच नव्हतं, नागपूरला उतरून भरावं लागलं. पार्टीने परतीचं चार्टर कॅन्सल केलं, एअरलाइनने गेले. त्यांना दोष नाही देत मी.

आता मुद्द्याचं. प्रत्येक वेळी मी वेळ, उंची, बाहेरचं तापमान सगळं लिहून स्नॅगसोबत (बिघाडाच्या नोंदीसोबत) दिलंय आणि त्यावर तुमच्याकडून कोणी मला एक प्रश्न विचारला नाही, याचं जास्त वाईट वाटतं. चारही वेळा वर पोचून ३५ ते ४५ मिनिटं झाल्यावर, बाहेर उणे ५० च्या खाली. चारही वेळा खाली २०,००० च्या आसपास आल्यावर परत लावला तर लागला आणि लँडिंगच्या आधी आम्ही काढेपर्यंत टिकला. म्हणजे गारठ्याशी संबंध आहे ना? मग हँगरमध्ये ३२ डिग्रीत टेस्ट करून तो सापडणार कसा?

पिच सर्व्हो, म्हणजे ऑटोपायलटच्या हुकमाने केबल ओढून नाक वर-खाली करणारी मोटर, शेपटीत आहे, तिथे हीटिंग नाही. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, केबल स्टीलची, थंडीत अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट आकसतं आणि केबल सैल पडते, खाली टेन्शन आधीच कमी असेल तर वर काय होणार. दोनदा तर सुटायच्या आधी विमान दोन-तीन मिनिटं हळू हळू डुलत होतं, नाक वर, नाक खाली, तेही लिहिलं होतं. सर्व्होचा क्लच (मोटर केबलला जोडणारा भाग) असेल, नाहीतर आमचं विमान वर्षभर मुंबईच्या खाऱ्या हवेत उभं असतं, दोन पावसाळे काढलेत, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडून थंडीत कॉन्टॅक्ट सुटत असेल. नक्की काय ते उघडून मोजल्याशिवाय कळणार नाही आणि शेपटीचं पॅनल एकदाही उघडल्याची नोंद तुमच्या कुठल्याच वर्कऑर्डरमध्ये नाही.

अजून एक, तुमच्या एका इंजिनिअरने म्हटलं की पायलटचा अंगठा ऑटोपायलट काढायच्या बटणाला लागत असेल. आमच्या विमानात बटणाने काढला तर आवाज एकदा वाजून थांबतो, आपोआप सुटला तर आपण दाबेपर्यंत वाजत राहतो, आणि आमच्याकडे चारही वेळा वाजत राहिला, वेगवेगळे पायलट असताना. हे बोलणं मागे घ्या, माझ्या को-पायलटला फार लागलंय ते.

आता कॉम्प्युटर बदलायला विमान आणणार नाही. केबल टेन्शन मोजा, सर्व्हो आणि क्लच बेंचवर थंड करून तपासा, शेपटीपर्यंतचं वायरिंग हलवून बघा, कनेक्टर उघडून साफ करा, फॉल्ट मेमरीत (बिघाडांच्या साठवलेल्या नोंदीत) काय साठलंय त्याची कॉपी द्या. नंतर तुमचा इंजिनिअर आमच्यासोबत ३७,००० ला एक तास येऊ दे, पॅसेंजर नसताना, त्या फ्लाइटचं तेल आम्ही घालतो. अ‍ॅटिट्यूडच्या बॉक्सचे आणि दुसऱ्या कॉम्प्युटरचे पैसे परत हवेत आणि खरं कारण काय निघालं ते लेखी हवं. तोपर्यंत आम्ही २८,००० च्या वर जात नाही, लांबची चार्टर घेणं बंद केलंय.

सोमवारी सकाळी विमान आणू शकतो, शेपटीच्या कामाला माणूस ठेवणार असाल तरच, तसं शनिवारपर्यंत कळवा.

चीफ पायलट