लष्करी ट्रक आणायला निघालेल्या लेकीस

मु. पो. वरूड, जि. अमरावती
पोळ्यानंतरचा रविवार

चि. वैशू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू सगळ्याला "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि पाच मिनिटांत रेंज जाते, म्हणून लिहायला बसलो. हा कागद रमेशकाकालाही वाचायला दे. स्टिअरिंगवर तोच बसणार आहे.

लष्कराने लिलावात काढलेला जुना ट्रक घ्यायला माझी ना नाही. आपल्या पांदणीत दसऱ्यापर्यंत चिखल-गारा राहतो आणि आंबिया बहाराचा संत्रा नेमका त्याच दिवसांत उतरायला लागतो. व्यापाऱ्याचा ट्रक डांबरी सोडत नाही. मग बाया डोक्यावर कॅरेट घेऊन वावरातून सडकेपर्यंत चालतात, नाहीतर ट्रॉली काळ्या मातीत आसापर्यंत बसते आणि तिला काढायला दुसऱ्याचा ट्रॅक्टर शोधावा लागतो. अशा जागी पुढची-मागची सगळी चाकं ओढणारी गाडी पाहिजे, हा तुझा हिशेब बरोबर आहे. फक्त त्या हिशेबात डिझेल सढळ हाताने धर. लिटरला चार किलोमीटरच्या वर ती देईल असं समजू नकोस.

मी एएससीत, म्हणजे लष्कराच्या रसद-वाहतुकीच्या दलात, जुनी शक्तिमानही चालवली आणि पुढे तू घेणार आहेस ती स्टॅलियनही, त्यामुळे एक सांगतो. पलटणीत गाडी धावून फार खराब होत नाही. तिथे रोज सकाळी बॉनेट उघडतं, तेल-पाणी-हवा पाहिली जाते, नाही पाहिली तर उस्ताद पाहून घेतो. गाडी खरी खराब होते ती कंडम करून यार्डात उभी केल्यावर. ब्रेकचे रबर सुकतात, हवेच्या टाक्यांत पाणी साचतं, डिझेलच्या टाकीत गाळ बसतो, उंदीर वायरी कुरतडतात. म्हणून किती किलोमीटर चालली हे विचारत बसू नकोस. किती पावसाळे उभी होती, ते विचार.

आता कागद. तू जबलपूरच्या व्यापाऱ्याकडून घेणार आहेस, म्हणजे लिलावात बोली त्याने लावली होती. लष्कराच्या लिलावातल्या गाडीला आरसी बुक नसतं. तिला असतो फॉर्म 21, म्हणजे विक्रीचा दाखला, आणि त्यावर संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याची सही असते. हा दाखला मूळ पाहिजे, झेरॉक्स नको. त्यावर नाव कोणाचं, त्या नावापासून तुझ्यापर्यंतची साखळी कुठे तुटते का, ते पाहा. मग चेसिसवर जिथे नंबर ठोकलेला आहे तिथली माती घासून काढ, वर पातळ कागद धर आणि पेन्सिल आडवी फिरव. आरटीओतही असाच ठसा घेतात. तो कागद दाखल्याशेजारी ठेवून एकेक अक्षर बोट ठेवून वाच. एक अक्षर जरी वेगळं निघालं तर चहा पिऊन परत ये.

दुसरं म्हणजे, सरकारी मालकीच्या गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर संपते, असा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. लढाईच्या कामाच्या खास गाड्या त्यातून वगळल्या आहेत, पण साधा मालवाहू ट्रक कशात बसवला जाईल हे व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकू नकोस. लिलावाच्या कागदावर 'भंगारासाठी' असं लिहिलं असेल तर तो ट्रक रस्त्यासाठी नाहीच, मग इंजिन कितीही गोड वाजो. पैसे देण्याआधी दाखल्याची प्रत घेऊन अमरावतीच्या आरटीओत स्वतः जा. ह्या सालाची, ह्या मॉडेलची नोंदणी मालवाहू म्हणून करून देता का, पासिंग होईल का, असं विचार आणि उत्तर लेखी माग. तिथे एक दिवस मोडेल, मोडू दे.

रंगाचंही बघ. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो, मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम तेच सांगतो. तुझा तो "हिरवा मस्त दिसतो बाबा" विचार सोड. जबलपूरलाच कोणताही दुसरा रंग मारून घे आणि बाणाचा लष्करी नंबर पुसूनच गेटबाहेर काढ. तात्पुरती नोंदणी आणि थर्ड पार्टी विमा हातात आल्याशिवाय चाक फिरवायचं नाही. आणि तू स्टिअरिंगला हात लावायचा नाहीस. तुझं लायसन्स हलक्या गाडीचं, 7,500 किलोपर्यंतचं. स्टॅलियन त्याच्या बरीच वर जाते. रमेशकाकाकडे हेवीचं आहे.

व्यापारी एखादी शक्तिमान स्वस्तात दाखवेल. ती जबलपूरलाच बनायची, जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर, आणि बंद होऊन जमाना झाला. माझ्यासाठी तिचा एक फोटो काढून आण, घेऊ मात्र नकोस. स्टॅलियन अशोक लेलँडची आहे. तिचे फिल्टर, बेल्ट नागपूरला मिळतील. पुढच्या एक्सलचं आणि ट्रान्सफर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचं, सामान शोधावं लागेल, म्हणून तिथे तेलाची गळती आहे का ते खाली आडवं होऊन पाहा. कपडे मळले तर मळू दे.

टायरचा काळा चकचकीत रंग पाहून भुलू नको. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. 1412 असेल तर तो टायर 2012 च्या चौदाव्या आठवड्यातला आहे. खाच कितीही खोल असो, जुन्या टायरच्या भिंतीला नख लावलं की बारीक भेगा उघडतात. पुढचे दोन टायर तरी नवे घे आणि त्याचे पैसे भावातून काप.

आता ब्रेक. हे काम घाईत करायचं नाही. आधी चाकांखाली लाकडाचे ठोकळे. मग हवेच्या टाक्यांखालचे ड्रेन उघडा. पाणी येईल, तेलकट चहासारखं गढूळ. ते पूर्ण निघू द्या. मग इंजिन चालू करून हवेच्या दाबाचा काटा सात-आठ किलोपर्यंत चढू द्या आणि इंजिन बंद करा. रमेशकाका ब्रेक दाबून धरेल, तू काट्याकडे पाहा आणि कान दे. काटा डोळ्यांदेखत उतरत असेल किंवा कुठून सूं असा आवाज येत असेल, तर साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोडावर ओता. फुगा येईल तिथे गळती. डायफ्राम आणि होस बदलायला लाव, स्वस्त काम आहे. स्प्रिंग ब्रेकवाल्या गाडीत हवा नसली की मागचे ब्रेक आपोआप जाम होतात. तेव्हा यार्डातलं एखादं पोट्टं पाना घेऊन येईल आणि म्हणेल, "ताई, मागचा बोल्ट कसून ब्रेक मोकळा करून देतो, निघा तुम्ही." तो बोल्ट कसला की ट्रक हलतो खरा, पण हवा गेल्यावर त्याला थांबवणारं काही उरत नाही. त्याला तिथल्या तिथे नाही म्हण.

बॅटऱ्या दोन असतात, जोडून 24 व्होल्ट. ट्रॅक्टरच्या एका बॅटरीवर जंप देत बसू नका. हेडलाइट लागत नाहीत म्हणून वायरमन बोलावण्याआधी लाइटचं बटण ब्लॅकआउटवर, म्हणजे लढाईत दिवे झाकण्याच्या खुणेवर तर नाही ना, ते पाहा. आणि मागच्या डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या आसाच्या मधल्या गोळ्यावर, पांढरा रंग आणि वर छोटा दिवा दिसला तर चकित होऊ नकोस. रात्री काफिल्यात दिवे न लावता चालताना मागच्याला तेवढाच पांढरा ठिपका दिसतो, त्याच्या मागे मागे जायचं. आपल्याला त्याचा उपयोग नाही. रेडियम पट्ट्या आणि मागचे लाल दिवे मात्र धड पाहिजेत.

डिझेलची जुनी टाकी रिकामी करून धुवून घ्या. तरी गाळ येतोच, म्हणून दोन फिल्टर जवळ ठेवा. फिल्टर बदलल्यावर हवा काढायची असते, ते रमेशकाकाला येतं. इंजिनचं तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. मग ट्रक चालवत आणायचा नाही, ट्रेलरवर टाकून आणायचा किंवा आणायचाच नाही. ट्रेलरचं भाडं ऐकून छाती दडपेल, पण घाटात ब्रेक गेले तर काय भाव पडेल तेही मोज.

रस्ता लखनादोन, सिवनी, कुरई, खवासा, मनसर, नागपूर. नागपूर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिथून काटोल-जलालखेड्यावरून घर. एका दमात यायचं नाही. सकाळी निघा आणि सिवनीला मुक्काम करा. रात्री चालवू नका. वेग चाळीस-पंचेचाळीस. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. पुढचा एक्सल डांबरीवर जोडायचा नाही, म्हणजे पुढची चाकं ओढीला लावायची नाहीत. चिखलात चाक थोडं घसरून ताण सोडतं, कोरड्या डांबरीवर सोडत नाही आणि आतले गियर ओढले जातात. पलटणीचे जाड खाचांचे टायर ओल्या डांबरीवर सरकतात, तेव्हा पाऊस लागला तर अजून हळू.

निघाल्यावर चाळीस-पन्नास किलोमीटरवर थांबून चाकांचे नट पुन्हा कसा. प्रत्येक थांब्याला उतरून प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हाताची उलटी बाजू न्या. सगळे सारखे कोमट असले तर ठीक. एकच जास्त तापला असेल तर ब्रेक धरून बसलाय किंवा बेअरिंग गेलंय. पुढे जायचं नाही. कुरईचा घाट सिवनीकडून येताना उतार आहे. वरच खालचा गियर टाका आणि इंजिनावर उतरा, पाय ब्रेकवर ठेवून बसू नका. पुढे पेंचच्या जंगलात हायवे उंचावर आहे, खालून वाघ-हरणांना जायला वाट ठेवली आहे. तिथे फोटोसाठी थांबायचं नाही, तुला सांगून ठेवतो.

पासिंग आणि परमिट होईपर्यंत ट्रकमध्ये एकही कॅरेट भरायचं नाही, शेजारच्या वावराचंसुद्धा नाही. कोणी मागायला आलं तर माझ्याकडे पाठव.

सिवनीला पोचल्यावर फोन कर. जेवण झालं का ते तुझी आई विचारेल. मला आधी हब किती तापले होते ते सांग.

तुझा,
बाबा