अण्णांचे काउबॉय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत ज्येष्ठांसाठी वाचनीय पुस्तकांची यादी आली होती. ज्ञानेश्वरीचं निरूपण, गुडघेदुखी, योगासनं, मृत्युपत्र कसं करावं. मी ती आमच्या अण्णांना (माझे सासरे, वय ८१) वाचून दाखवली. ऐकून म्हणाले, "म्हणजे मरायची तयारी, आणि तोवर पथ्य." म्हणून हे पत्र.

अण्णा रेल्वेत गार्ड होते. मालगाडी लूपला (बाजूच्या रुळावर) टाकली की तीन-तीन तास सुटका नसायची. अशा वेळी ब्रेकव्हॅनमध्ये कंदिलाच्या उजेडात त्यांनी लुई लामूर, झेन ग्रे यांच्या वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदूकवाल्या, खिशात मावणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्या कितीतरी वाचून काढल्या. निवृत्तीनंतर ते सुटलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिसायला लागलं, पण हातात काय द्यायचं? जुनी पुस्तकं त्यांनी दोन पानांत मिटली. "हा हिरो आपल्या नातवाच्या वयाचा. याला काय कळतंय?"

तिथून माझा शोध सुरू झाला. वेस्टर्नच हवं, पण माणूस पिकलेला हवा.

पहिलं लागू पडलं ते पॉलेट जाइल्सचं 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' (२०१६). कॅप्टन किड, वय ७१. १८७० साली टेक्सासमध्ये गावोगाव फिरून लोकांना वर्तमानपत्रं वाचून दाखवतो, माणशी दहा सेंट. (संपादक महाराज, हा धंदा आपल्या लक्षात ठेवण्याजोगा आहे.) कायोवा या रेड इंडियन जमातीकडे चार वर्षं वाढलेली दहा वर्षांची गोरी पोरगी चारशे मैलांवरच्या नातेवाइकांकडे पोचवायचं काम त्याच्या गळ्यात पडतं. पोरीला ना इंग्रजी येतं, ना चमच्यानं खाता. त्या दहा-दहा सेंटच्या नाण्यांचं पुढे काय होतं ते सांगत नाही, पण ते पान अण्णांनी मला स्वयंपाकघरात येऊन वाचून दाखवलं. आणि म्हणाले, "ही तर जीएंच्या 'रानातील प्रकाश'मधल्या पोराची बहीण." खरंच होतं. मूळ कॉनराड रिक्टरच्या त्या कादंबरीतही रेड इंडियनांनी वाढवलेल्या गोऱ्या पोराला जबरदस्तीनं 'घरी' आणलं जातं. जी. ए. कुलकर्णींनी रिक्टरची 'रान', 'शिवार', 'गाव' ही त्रयीही मराठीत आणली. इंग्रजी नको असलेल्यांनी तिथून सुरुवात करावी. त्यात गोळीबाराचा थरार नाही, पण जंगल तोडून वसलेली वस्ती आहे.

चार्ल्स पोर्टिसचं 'ट्रू ग्रिट' (१९६८) डोळे झाकून द्यावं. बापाच्या खुन्यामागे निघालेली चौदा वर्षांची मॅटी ती गोष्ट म्हातारपणी सांगते. घोड्यांच्या व्यापाऱ्याशी ती जी घासाघीस करते, ती ऐकून आमच्या सासूबाईसुद्धा टीव्ही बंद करून बसल्या.

एल्मर केल्टनच्या 'द टाइम इट नेव्हर रेन्ड'वर (१९७३) घरात भांडण झालं. १९५० च्या दशकातला टेक्सासचा दुष्काळ, आणि सरकारी मदत घेणार नाही म्हणून अडून बसलेला म्हातारा चार्ली फ्लॅग. माझे यजमान म्हणाले, काय बाणा! अण्णा भडकले. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी रांगा लावून लाल मिलो (ज्वारी) नेलेला त्यांनी पाहिलाय. "घरात पोरं उपाशी असताना बाणा कसला?" दोन दिवस चार्लीला शिव्या घातल्या आणि पुस्तक मात्र संपवलं.

ग्लेंडन स्वार्थाउटचं 'द शूटिस्ट' मी आठवडाभर कपाटात दडवून ठेवलं होतं. १९०१ साली एल पासोत आलेल्या पिस्तुलबाजाला डॉक्टर कॅन्सर सांगतात, तिथून गोष्ट पुढे जाते. अण्णांचे दोन मित्र गेल्या वर्षात त्याच रोगानं गेले. त्यांना कपाटात सापडलंच. "आम्ही बावळट नाही गं," एवढंच बोलले. आपण जपतो ते बहुतेक स्वतःला, असं तेव्हा वाटलं.

आता लॅरी मॅकमर्ट्रीचं 'लोनसम डव्ह' (१९८५, पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक). गस आणि कॉल हे दोन उतारवयाचे माजी टेक्सास रेंजर (तिथले घोडेस्वार पोलीस) गुरांचा कळप टेक्सासहून पार माँटानापर्यंत हाकत नेतात. सुरुवातीला गसनं टांगलेली पाटी आहे, त्यात 'डुकरं भाड्यानं देत नाही' असंही लिहिलंय. अण्णांच्या मते हा माणूस सदाशिव पेठेतला. पण पुस्तक आठशेच्या वर पानांचं. आडवं पडून छातीवर धरलं की मनगट भरून येतं. शेवटी मी वह्या शिवणाऱ्या बाइंडरकडून त्याचे चार भाग करून घेतले. तो आधी तयारच होईना, "चांगलं पुस्तक फाडायचं?" म्हणाला. प्रत्येक भागाला पुठ्ठा लावून सत्तर रुपये घेतले.

यादी छापणाऱ्यांनी पुस्तकाचं वजन आणि अक्षराचा आकार लिहिला तर उपकार होतील. ओवेन विस्टरचं 'द व्हर्जिनियन' (१९०२) आणि झेन ग्रेचं 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' (१९१२) प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. ग्रेची निसर्गवर्णनं मात्र अण्णा थांबा नसलेल्या स्टेशनांसारखी सोडून देतात.

सध्या 'लोनसम डव्ह'चा तिसरा भाग उशाशी आहे. चौथा मी तांदळाच्या डब्यामागे ठेवलाय, नाहीतर रात्री दोनपर्यंत दिवा चालू असतो.

— एक सून, दौंड