काकांच्या गाडीबद्दल

लष्कर, ग्वाल्हेर
९ जानेवारी

प्रिय बंडू,
स. न. वि. वि.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गाडीखाली झोपलेलो होतो, हात तेलाने माखलेले, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. आता निवांत लिहितो. आधी मुद्द्याचं सांगतो: काकांची गाडी विकायला काढू नकोस. गिअरबॉक्स ठणठणीत आहे.

सकाळी थंडीत गाडी गचका देते आणि गिअर वर पडत नाहीत, म्हणून काकांनी ती एका वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथे त्यांना सांगितलं की गिअरबॉक्स उतरवावा लागेल, लाखाच्या आसपास खर्च येईल. त्या रात्री काका जेवले नाहीत, असं काकू म्हणाल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबणं जमेना म्हणून ही जुनी ऑटोमॅटिक घेतली. ती गेली तर रोज सकाळी मावशींचा डबा घेऊन मुरारला जाणंही गेलं. मला राहवेना. मंगळवारी सकाळी साडेसहाला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र, घेऊन तुमच्या दारात जाऊन उभा राहिलो.

धुकं इतकं, की गल्लीच्या तोंडाचा दिवा दिसेना. तुला आपल्याकडची जानेवारी आठवत असेलच, पुण्याच्या थंडीवरून तिची कल्पना येत नाही. स्कॅनर लावला तर गिअरबॉक्समधलं तेल ७ अंशांवर. काकांनी गाडी सुरू केली, आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, १४०० वर गेले आणि त्यांनी लगेच डी, म्हणजे पुढे जायचा गिअर, टाकला. गचका बसला. काका म्हणाले, "बघ, हेच ते."

तो बिघाड नव्हता. गार इंजिन सुरुवातीला आपणहून जास्त रेसवर चालतं, आणि त्या रेसमध्ये गिअर टाकला की आतले क्लच झटक्याने पकडतात. अर्धा मिनिट थांबून आरपीएम ८००-९०० वर उतरू दिले की तोच डी अलगद लागतो. दहा-दहा मिनिटं गाडी दारात सुरू ठेवायची मात्र गरज नाही. त्याने पेट्रोल जळतं, आणि गिअरबॉक्स खरा तापतो तो गाडी चालल्यावरच.

जयेंद्रगंजातून फूलबागेकडे निघालो. समोर किल्ल्याचा मागमूस नव्हता. जिथे तिसरा गिअर पडायला हवा तिथे गाडी दुसऱ्यातच, इंजिन ओरडतंय, काटा अडीच हजारांच्या वर. काकांचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठायचा, जणू गाडीला दुखतंय. मी म्हटलं, काका, आत्ता तिने असंच चालायला हवं.

ऑटोमॅटिकमध्ये सगळी कामं तेलच करतं, बंडू. गिअर बदलणारे क्लच तेलाच्या दाबाने मिटतात, आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे जातो तोही तेलातूनच. हे तेल ४० अंशांवर जितकं दाट असतं, त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं १०० अंशांवर राहतं. मग ७ अंशांवर काय होत असेल? थंडीत भांड्यातून काकवी ओतून बघ. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला सेन्सरवरून हे कळतं, म्हणून तो खालचे गिअर जास्त वेळ धरून ठेवतो, शेवटचा गिअर देत नाही, आणि टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच लावत नाही. तो लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात, आरपीएम खाली येतात. शिवाय सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय धूर नीट साफ करत नाही. इंजिन चढ्या आरपीएमवर ठेवलं की तोही लवकर तापतो.

पडावाच्या पुलापर्यंत मी निश्चिंत होतो. पण थाटीपूर आलं, वीस मिनिटं झाली, तरी तेच! चार-पाच किलोमीटरनंतर हे वागणं ओसरायला हवं होतं. स्कॅनरवर कूलंटचं, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचं, तापमान बघितलं तर ५६ अंश, आणि तिथेच अडकून बसलेलं.

तेवढ्यात मागून काकू म्हणाल्या, "अरे, हिचा हीटरसुद्धा गारच वारा फेकतो. महिनाभर शाल गुंडाळून बसतेय मी." दुखणं कुठे आहे ते काकूंनीच सांगून टाकलं! हीटरला गरम पाणी मिळतं ते इंजिनाकडूनच. इंजिनच तापत नसेल तर हीटर तरी काय करणार?

थर्मोस्टॅट उघडा अडकला होता. ही छोटी झडप थंड इंजिनात बंद असायला हवी, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे जात नाही आणि इंजिन लवकर तापतं. ८२ अंशांच्या आसपास ती उघडते. इथे ती कायमचीच उघडी, त्यामुळे धुक्यातल्या गार वाऱ्यात कूलंट सतत निवत होतं. आणि गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर या गाडीत रेडिएटरच्याच टाकीत आहे, म्हणजे कूलंट गार तर तेलही गार. कॉम्प्युटर बिचारा इमानाने थंडीचेच नियम पाळत होता. इंजिनाच्या नोंदीत पी०१२८ हा कोड पडलेला होता, म्हणजे कूलंट पुरेसं तापत नाही. मीटरमधला पिवळा दिवा त्याचाच. त्या वर्कशॉपमध्ये फक्त गिअरबॉक्सची नोंद पाहिली गेली. याचा मला खरंच राग आला. निवृत्त माणसाला लाखाचा आकडा सांगण्याआधी दोन मिनिटं तापमान तरी बघावं.

तुझ्या मनात शंका राहू नये म्हणून तेलही तपासलं. लाल आहे, जळका वास नाही. डी टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद नुसती उभी राहिली असती, किंवा आरपीएम वर जातायत पण वेग वाढत नाही असं झालं असतं, तर मीच तुला काळजी कर म्हणालो असतो. आतली रबरी सीलं कडक झाली की थंडीत तसं होतं. इथे त्यातलं काही नाही.

बुधवारी थर्मोस्टॅट बदलला, कूलंट नवीन भरलं. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. मजुरीचा विषय काढू नकोस, काकांनी मला सायकल शिकवली आहे.

आज पुन्हा त्यांच्याबरोबर गेलो. काकांनी आरपीएम उतरेपर्यंत वाट बघितली, मग डी टाकला. फूलबागेपर्यंत गाडी जरा ताणूनच चालली. पडावाचा पूल उतरलो आणि गिअर वर पडले, इंजिन एकदम शांत. काका काही बोलले नाहीत, नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मुरार यायच्या आधी काकूंनी शाल काढून डब्यावर पांघरली, मावशींची पोळी गार होऊ नये म्हणून.

रविवारी त्यांना फोन कर. गाडीबद्दल तूच विचार, त्यांना सांगायचं आहे.

तुझा,
दादू