मैदानावरच्या फसवणुकीला कायदा हवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

पारोळा तालुक्यात मी निवृत्त होईपर्यंत पीटीचा मास्तर होतो. जिल्हास्तरीय कबड्डीत सतरा वर्षांखालील गटात समोरचा रेडर उतरायचा तो दाढी घोटून. हनुवटीवरची निळसर झाक लपायची नाही. हरकत घेतली की टेबलावर नव्याने काढलेला जन्मदाखला हजर. ‘सर, कागद बरोबर आहे ना? मग खेळू द्या.’

आमची पोरं पहाटे महामार्गाच्या कडेने पळणारी, दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचून बूट घेणारी. ती हरली, ते सोसता येतं. पण खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. त्या दाखल्याने कुणाच्या तरी घरातली भाकरी पळवली.

खोटा दाखला हा गुन्हा आहेच, तक्रारीला कुणी पुढे येत नाही. ठरवून हरण्याला मात्र नेमकं कलमच नाही. २०१३ च्या आयपीएल स्पॉट फिक्सिंगमधले खेळाडू २०१५ साली दिल्लीच्या न्यायालयातून आरोपमुक्त झाले. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात तिथल्या उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं, मॅच फिक्सिंग कलम ४२० च्या फसवणुकीत बसत नाही, क्रिकेट मंडळाने काय ती कारवाई करावी. विधी आयोगाने तर २०१८ सालीच, २७६ व्या अहवालात, हा स्वतंत्र गुन्हा ठरवा असं सुचवलं होतं. श्रीलंकेने २०१९ मध्ये तसा कायदा केला, दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली. आपल्याकडे काय अडलं आहे? यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत नुरा, म्हणजे आधीच निकाल ठरवलेली, कुस्ती लागली की आमच्याकडचे लोक तिथेच ओरडा करतात, जोड सोडवायला लावतात, इनाम अडवतात. गावाला जे कळतं ते सरकारलाही कळायला हवं.

मात्र शाळकरी पोराला कोठडी नको. तो दाखला काढायला स्वतः जात नाही. काढून देणारा, डोळे झाकून सही करणारा, पैसे मोजून निकाल ठरवणारा, यांना धरा. पोराला खेळबंदी पुरे. आणि फसवणूक उघडी पडली की हरलेल्या संघाला त्याचं प्रमाणपत्र, त्याचे गुण उशिरा का होईना मिळालेच पाहिजेत, हे त्याच कायद्यात लिहा. आमदार-खासदारांनी अधिवेशनात हा प्रश्न मांडावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
पारोळा, जि. जळगाव