आईच्या गोळीबद्दल

ती. आई-बाबांना
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "अक्कलकोटला आता नको गं, जमत नाही." मला वाटलं, गुडघे दुखत असतील. मग बाबांनी हळूच सांगितलं, की एसटीत तासभर लघवी धरवत नाही म्हणून ती नको म्हणते. आणि सोलापूरच्या या उन्हात पाणीही मोजून पिते. ते ऐकून फार वाईट वाटलं.

आई, वय झालं की हे असंच, म्हणून गप्प बसू नकोस. मूत्राशय भरायच्या आधीच त्याचा स्नायू आवळतो, म्हणून इतकी घाई होते. पाणी तोडलं की लघवी दाट होते, चुरचुरते आणि घाई उलट वाढते. पाणी पी. हवं तर रात्रीचा चहा तेवढा सोड.

ही घाई कमी व्हावी म्हणून दिलेली सॉलिफेनासिनची गोळी तू आठ दिवसांत बंद केलीस. तोंडाला कोरड पडली, भाकरीचा घास उतरेना, पोटही साफ होईना. तुझी काहीच चूक नाही, कोणी नीट समजावलंच नव्हतं. मूत्राशयाला आवळायला लावणाऱ्या ज्या संदेशाला ती गोळी अडवते, त्याच संदेशावर लाळ सुटते आणि आतडी हलतात, म्हणून हा त्रास. त्यात पूर्ण गुण यायला चार ते आठ आठवडे लागतात. उतारवयात अशा गोळ्यांनी विसराळूपणा वाढू शकतो, ही मला जास्त काळजी.

मिराबेग्रॉन नावाचं दुसऱ्या प्रकारचं औषध आहे. ते स्नायू सैल करतं, पण वेगळ्या वाटेने, त्यामुळे कोरड आणि बद्धकोष्ठ कमी. मात्र बीपी वाढू शकतं. आईला ते चालेल का, हे डॉक्टरच ठरवतील. बाबा, तोवर रोज सकाळी मशीनवर तिचं बीपी बघून वहीत लिहा. तिच्या डोळ्यांत काचबिंदूचे थेंब घालता, तेही डॉक्टरांना सांगायचं आहे. काचबिंदूच्या एका प्रकारात सॉलिफेनासिन चालत नाही. मागच्या वेळी हे विचारलं गेलं नाही, याचा मला अजून राग येतो.

आणि आई, घाई झाली की लगेच धावू नकोस. खाली बस, लघवी रोखताना आवळतो ते खालचे स्नायू आत ओढून धर, कळ ओसरू दे, मग सावकाश जा. हे स्नायू बळकट व्हायला तीन महिने तरी रोज व्यायाम लागतो. मी आले की शिकवते.

शनिवारी सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पोचते. बाबा, शुक्रवारी आईची लघवीची आणि साखरेची तपासणी करून ठेवा. जंतुसंसर्ग किंवा वाढलेल्या साखरेनेही असंच होतं, ते आधी बघायला हवं. दवाखान्यात आईबरोबर मी येणार. तिला बोलायला लाज वाटली तर मी सांगेन.

तुमची
मनू