बॉम्ब घटले, पण तपासणीही थांबली

महोदय,

मे २०२५ मधली भारत-पाकिस्तान लढाई थांबल्यावर दोन-तीन दिवसांत माझ्या मोबाइलवर एकच संदेश नऊ वेळा आला. १० मेला आणि पुन्हा १२ मेला पाकिस्तानात भूकंप झाले होते, चार ते साडेचार रिश्टरच्या आसपासचे. संदेशात लिहिलं होतं, 'हा भूकंप नाही. पाकिस्तानने जमिनीखाली अणुचाचणी केली आहे. पुढे पाठवा.' पाठवणाऱ्यांत एक निवृत्त मुख्याध्यापक होते आणि माझा भाचाही होता. भाच्याने खाली विचारलं होतं, 'मामा, तुम्हीच सांगा, खरं काय?'

मला विचारण्याचं कारण असं की १९७७ ते २०१३ अशी छत्तीस वर्षं मी कोयना परिसरात भूकंपमापनाच्या कामावर होतो. कोयना वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याच्या बोगद्यांत सुरुंग उडायचे, तेव्हा कागदावरची कुठली रेघ सुरुंगाची आणि कुठली भूकंपाची, हे वेगळं काढणं आमचं रोजचं काम होतं.

पण हा प्रश्न माझ्या आयुष्यात नोकरीच्या आधीच आला होता. ११ डिसेंबर १९६७. मी बारा वर्षांचा. पाटण तालुक्यातलं आमचं घर दगडमातीचं, आम्ही भावंडं सोप्यात गोधडी पांघरून झोपलेलो. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी जमिनीखालून मालगाडी जावी तसा आवाज आला आणि माजघराची भिंत गोठ्यावर पडली. आईने आम्हाला ओढत अंगणात आणलं. अंधारात, धुळीत, वरच्या आळीतून कुणीतरी ओरडत आलं, 'बॉम पडला! चिन्यांनी धरणावर बॉम टाकला!' अंगणातल्या एकाही माणसाला ते खोटं वाटलं नाही. चीनशी लढाई होऊन पाचच वर्षं झाली होती. १६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने पहिला अणुबॉम्ब उडवला, तेव्हा संरक्षणमंत्री आपले कराडचे यशवंतराव होते, त्यामुळे आमच्या भागात ती बातमी घरातली असल्यासारखी बोलली गेली होती. धरण फुटणार म्हणून माणसं पोरांना खांद्यावर घेऊन अंधारात डोंगर चढत होती. कोयनानगर कोसळलं होतं, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली होती. बॉम्ब नव्हता, भूकंप होता, याची खात्री आमच्या आळीला दुसऱ्या दिवशी रेडिओवरून पटली.

नोकरीला लागलो तेव्हा कागदाला काजळी धरावी लागायची. रॉकेलच्या धुरावर कागद काळा करायचा, ड्रमवर चढवायचा, मग सुई त्यावर चोवीस तास पांढरी रेघ ओढत राहायची. दुसऱ्या सकाळी कागद उतरवून लाखेच्या द्रावणात बुडवायचा आणि दोरीवर वाळत घालायचा. पहिल्याच महिन्यात साहेबांनी शिकवलं ते असं. सुरुंग किंवा बॉम्ब जमीन चारी बाजूंनी बाहेर ढकलतो, म्हणून सगळ्या केंद्रांवर पहिला झटका वरच जातो. भूकंपात खडक खडकाला घासून सरकतो, म्हणून काही केंद्रांवर पहिला झटका वर, तर काहींवर खाली. स्फोटात पहिली लहर जोरकस आणि मागून येणारी दुबळी. भूकंपात मागून येणारीच घरं पाडते. पण एका केंद्राचा कागद पाहून हे ठामपणे सांगता येत नाही. चार दिशांच्या केंद्रांचे कागद शेजारी शेजारी मांडावे लागतात.

अमेरिका आणि रशिया १९६३ मध्ये याच ठिकाणी अडले होते. रशियाने क्युबात अण्वस्त्रं नेऊन ठेवल्यावर जग अणुयुद्धाच्या काठावर आलं होतं, ते ऑक्टोबर १९६२ चे तेरा दिवस नुकतेच होऊन गेले होते. अणुचाचण्या थांबवायच्या, जमिनीखालचा एखादा हादरा संशयास्पद वाटला तर समोरच्याच्या मुलखात जाऊन बघायचं, इथपर्यंत बोलणी आली होती. रशिया म्हणाला, वर्षातून तीनदा या. अमेरिका म्हणाली, सातदा. त्या चार खेपांसाठी पूर्ण बंदी राहून गेली. ऑगस्टमध्ये करार झाला त्यात हवेतल्या, पाण्यातल्या आणि अंतराळातल्या चाचण्या बंद झाल्या, जमिनीखालच्या चालू राहिल्या. तीन आणि सातची ही गोष्ट साहेब दर नव्या माणसाला सांगायचे आणि प्रत्येक वेळी त्यांना तेवढंच वाईट वाटायचं.

तरीही त्या काळातल्या माणसांनी ऐकायची सोय सोडली नाही. एकाच बनावटीचे सुमारे १२० सीस्मोग्राफ, म्हणजे भूकंपमापक, जगभर बसवले गेले, त्यातला एक आपल्या पुण्यात. मुळात अणुचाचण्या ऐकायला बसवलेल्या त्या यंत्रांनी आमचा कोयनेचा भूकंपही टिपला. त्याच १९६३ साली वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संदेशवहनाची तार जोडली गेली, कारण क्युबाच्या वेळी एकेक संदेश पोहोचून उलगडायला कित्येक तास जात होते. जुलै १९८६ मध्ये तर अमेरिकी भूकंपशास्त्रज्ञ आपली यंत्रं घेऊन तेव्हा सोव्हिएत रशियात असलेल्या कझाकस्तानात, सेमिपलातिन्स्कच्या अणुचाचणीक्षेत्राजवळ जाऊन बसले. ही बातमी आम्ही केंद्रावर पुन्हा पुन्हा वाचली होती. त्या वर्षी जगात सुमारे सत्तर हजार अण्वस्त्रं होती, आजवरची सर्वांत जास्त. शिवाय तीनच वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९८३ मध्ये, ढगांवर पडलेल्या उन्हाला रशियाच्या यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रं समजलं होतं आणि स्तानिस्लाव पेत्रोव्ह या अधिकाऱ्याने 'हा खोटा इशारा आहे' असं वर कळवलं म्हणून निभावलं. इतक्या अविश्वासात ते एकमेकांची यंत्रं आपल्या अंगणात बसवू देत होते. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांबद्दलच्या १९८७ च्या करारानंतर दोघांनी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं मोडली, तीही एकमेकांचे तपासनीस समोर उभे असताना.

पाटणच्या एसटी स्टँडवर आम्ही चार-पाच निवृत्त माणसं संध्याकाळी बसतो. त्यातला एक मित्र माजी सैनिक आहे. तो म्हणतो, 'तेव्हा सत्तर हजार होते, आता बारा हजार. कशाला लोकांना घाबरवता?' त्याचे आकडे बरोबर आहेत, पण मला ते पटत नाही. १९८७ चा तो करार २०१९ मध्ये संपला. अमेरिका आणि रशिया यांना प्रत्येकी १,५५० तैनात अण्वस्त्रांची मर्यादा घालणारा २०१० चा करार होता. त्यात एकमेकांच्या तळांवर वर्षाला अठरा तपासण्या करायची मुभा होती. मार्च २०२० मध्ये करोनामुळे त्या थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने त्यातला सहभाग स्थगित केला, आणि कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये रशियाने सगळ्याच अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९९६ च्या कराराची मंजुरी मागे घेतली. अमेरिकेने ती कधी दिलीच नव्हती. ३० ऑक्टोबर २०२५ ला ट्रम्प यांनी चाचण्या सुरू करण्याचा आदेश दिल्याचं जाहीर केलं. चीनची अण्वस्त्रं सहाशेच्या घरात गेली आहेत आणि त्यांना कुठल्याच करारातली मर्यादा नाही. तीन की सात यावर १९६३ मध्ये भांडण होतं. आज शून्य आहे, आणि त्यावर कुणी भांडतसुद्धा नाही.

आपल्या दाराशी काय आहे तेही बघू. दिल्ली ते इस्लामाबाद अंतर सातशे किलोमीटरच्या आसपास. पेत्रोव्हला विचार करायला जेवढा वेळ मिळाला, तेवढाही इथे कुणाला मिळणार नाही. १० मेला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी, आपल्या डीजीएमओंना फोन केला आणि पाच वाजल्यापासून मारा थांबवायचं ठरलं. त्याच रात्री पुन्हा ड्रोन आले, पण ठरलेलं टिकलं. माझ्या त्या मित्राचा मुलगा तेव्हा जम्मूकडे होता. चार रात्री त्याच्या घरात कुणी झोपलं नव्हतं. बाकी जवळजवळ सगळे संबंध तुटले असताना ती एक फोनलाइन चालू होती.

याउलट ९ मार्च २०२२ ला आपलं क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती. सरकारने खेद व्यक्त केला तो ११ तारखेला. मधले दोन दिवस मला आजही अस्वस्थ करतात. तीच चूक ८ मे २०२५ च्या रात्री झाली असती तर? अशा वेळी पहिल्या पाच मिनिटांत फोन गेला पाहिजे, मग तो करणाऱ्याला कितीही अवघड वाटो.

भाच्याला मी लिहिलं की हा भूकंपच आहे. तिथला भूभाग आपल्याकडच्या भूकवचाच्या रेट्याखाली आहे, असे हादरे तिथे दरवर्षी होतात. उत्तर कोरियाच्या २००६ ते २०१७ मधल्या सहाही चाचण्या जगभरच्या केंद्रांनी पकडल्या, ही झाली असती तर लपली नसती. मात्र त्याला आणखी एक गोष्टही लिहिली. १३ मे १९९८ च्या आपल्या दोन छोट्या चाचण्यांचा हादरा बाहेरच्या केंद्रांना मिळाला नव्हता. म्हणजे सुईलाही मर्यादा आहे. तिच्या पलीकडे माणसांनीच जाऊन बघावं लागतं, आणि तशी माणसं पाठवणं आज बंद पडलं आहे.

आपल्याला माझी एक विनंती आहे. ३१ डिसेंबर १९८८ ला झालेल्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, त्यांवर हल्ला करायचा नाही म्हणून. कारगिलनंतरच्या जानेवारीतही दिल्या, संसदेवरच्या हल्ल्यानंतर सैन्य सीमेवर उभं होतं तेव्हाही दिल्या. ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. ती पहिल्या पानावर, त्या करारात काय आहे हे समजावून छापावी. आणि आपल्या वाचकांपैकी कुणा शिक्षकाला भूकंप आणि स्फोट यांतला फरक मुलांना दाखवायचा असेल, तर शिकाऊ असताना मी धरलेला काजळीचा एक कागद अजून माझ्याकडे आहे. तो घेऊन पाटण, कराड, साताऱ्यातल्या कुठल्याही शाळेत मी स्वखर्चाने येईन.

आपला,
एक निवृत्त भूकंपमापन कर्मचारी
पाटण, जि. सातारा