वर्गनियंत्रण : दहापैकी चार

सांगली,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय बाळ्या,

गणपतीत तुझा फोन आला तेव्हा ‘रात्री करतो’ म्हणालो होतो, आणि ती रात्र आज उगवली. रागावला असशील तर तुझा राग मान्य. मध्ये तीनदा फोन हातात घेतला, पण हे फोनवर बोलायचं नाही. तू ‘बरं, बरं’ म्हणत ऐकणार, मी अर्धं सांगून विषय बदलणार. म्हणून लिहायला बसलो. आज यार्ड बंद आहे, पोरगा मित्राकडे गेलाय. आईचा गुडघा आहे तसाच आहे. माझी शुगर काठावर आहे, डॉक्टर चाला म्हणतात, चालतो. तब्येतीचं झालं.

परत नकार आला. शिक्षकाच्या नोकरीसाठी तिसरा.

पहिले दोन तुला माहीत आहेत. मिरजेला ‘बारा वर्षांचा खंड का’ एवढंच विचारलं आणि चहा पाजून वाटेला लावलं. दुसरीकडे नऊ हजार सांगितले. मी तेही कबूल केलं, आणि तरी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. त्या दोन्ही वेळी चार दिवस वाईट वाटलं आणि गेलं. हे काही जात नाही. तीन आठवडे झाले. परवा अडतीत एका शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत मी हमाली दोनदा लावली. बारा वर्षांत पहिल्यांदा. शेठ काही बोलले नाहीत, नुसती पट्टी परत माझ्यासमोर सरकवली. मला तेच जास्त लागलं.

शाळेचं नाव सांगत नाही. तू लगेच कुणाला तरी फोन करशील. सेमी इंग्लिश आहे, भूगोल मराठीतूनच. तिथल्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर जाणार म्हणून सहावी ते आठवीची जागा, मार्चअखेरपर्यंत, ‘पुढे बघू’. सहावी ते आठवी म्हणजे टीईटी, शिक्षक पात्रता परीक्षा, लागतेच, आणि ती माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी १० नोव्हेंबरला दिली तेव्हा तू हसला होतास की या वयात कशाला. १५० पैकी ९३ पडले, पास व्हायला ९० लागतात. त्या तीन मार्कांवर मी वर्षभर जगलो रे. टीईटीला वयाची अट नाही, पण सरकारच्या पवित्र पोर्टलवरच्या शिक्षकभरतीला खुल्या प्रवर्गात ३८ ची आहे आणि मी ४४ चा. तो दरवाजा बंद. उरल्या या खाजगी शाळा.

तर मुलाखत. संस्थेचे एक जण, मुख्याध्यापिका आणि एक तरुण को-ऑर्डिनेटर मॅडम. अनुभव किती? साडेनऊ वर्षं. अप्रूव्हल आहे का? नाही. मग ते एकमेकांकडे बघतात ना, तसं बघितलं. संस्थेने दिलेला अनुभवाचा दाखला मी पुढे केला, शिक्का आहे, सही आहे. पण शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता नाही म्हणजे कागदावर ती साडेनऊ वर्षं नाहीतच. शाळा कायम विनाअनुदानित, म्हणजे सरकारी अनुदान कधीच नाही. ‘कायम’ हा शब्द २००९ ला काढला तेव्हा आपण पेढे वाटले होते, आठवतं? मला वाटलं आता दोन वर्षांत पगार सुरू. अनुदानासाठीच्या मूल्यांकनाच्या फायली मी स्वतः रात्री बसून लावल्या होत्या, पृष्ठ क्रमांक टाकून.

आणि हो, रंकाळ्यावरचं भांडण मी विसरलेलो नाही. २०१३ चा मे महिना. तू म्हणालास, सोडू नको, आणखी थोडं थांब, अनुदान येईल. मी म्हणालो, तुझा पगार पहिल्या तारखेला होतो, तुला थांब म्हणायला काय जातंय. तू भेळ तशीच टाकून उठलास. वर्षभर बोललो नाही आपण. २०१६ ला तिथे वीस टक्के अनुदान आलं. बाकीचे होते ते मार्गी लागले, माझ्यानंतर लागलेला क्रीडाशिक्षकसुद्धा. तू त्यानंतर एकदाही ‘बघ, मी म्हणालो होतो’ असं म्हणाला नाहीस. मी वाट बघत होतो तू म्हणशील म्हणून. पण तेव्हा घरात अण्णांचं डायलिसिस चालू होतं, आणि अडतीत दिवाणजीची जागा रिकामी होती. आजही मला नाही वाटत की मी चुकीचं केलं. चुकीचं केलं नाही तरी पश्चात्ताप होतो, हे मला आता कळतंय.

खरं सांगायचंय ते पुढेच आहे.

डेमो पाठ सातवीवर होता. पस्तीस मिनिटं. विषय त्यांनीच दिला : समोच्च रेषा, नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. बाळ्या, समोच्च रेषा! मला वाटलं देवच पावला. बी.एड.ला मेसच्या मावशींकडून बटाटा मागून आणून तू सराव पाठ घेतला होतास आणि संध्याकाळी त्याच चकत्यांची भाजी ताटात आली होती. ‘शंभर मीटरची तुला, दोनशे मीटरची मला’ म्हणत वाटून खाल्ली होती आपण. मी पण बटाटा घेऊन गेलो पिशवीत. पण वर्गात शिरलो, पोरांकडे बघितलं आणि बटाटा बाहेर काढलाच नाही.

मी विचारलं, “२०१९ ला तुमच्या घरात पाणी कुठवर आलं होतं?”

ती पोरं तेव्हा सहा-सात वर्षांची असतील. एक क्षण शांतता, आणि मग जे सुरू झालं! दत्तनगरचा एक उभा राहिला, “सर, पहिला मजला पूर्ण.” सूर्यवंशी प्लॉटचा म्हणे आमच्याकडे सगळ्यांच्या आधी येतं, इशारा व्हायच्या आधीच. मारुती चौकातला कमरेवर हात ठेवून दाखवायला लागला. विश्रामबागची एक मुलगी म्हणाली आमच्यात आलंच नाही, तर बाकीचे तिच्यावर ओरडले. गावभागातली एक मुलगी आपणहून उठून म्हणाली, “सर, आमच्यात नाही आलं, पण समोरच्यांच्या ओट्यावर आलं.”

मी म्हटलं, “म्हणजे पाण्याची कड कुठून गेली?”

तिने विचार केला. मग हाताने हवेत रेघ ओढली. “आमच्या आणि त्यांच्या मधून. रस्त्यावरून.”

“आणि मारुती चौकात?”

आता सगळेच सांगायला लागले. मी फळ्यावर नदी काढली, आयर्विन पूल काढला, आणि पोरं जागा सांगत गेली तसा एकेक ठिपका देत गेलो. मग सगळे ठिपके जोडले. ती रेघ वाकडीतिकडी, गल्लीबोळांतून आत घुसलेली. मी म्हटलं, ही वाकडी का? एक पोरगा म्हणाला, “सर, पण आमच्या भिंतीवर अजून पुराची रेघ आहे, ती एकदम सरळ आहे. बाबांनी पुसली नाही.” बाळ्या, ज्याची पोरगा स्वतःच उकल करेल असा प्रश्न तू किती वर्षं शोधतोयस ते मला माहीत आहे. तो प्रश्न त्याने माझ्या हातात दिला. भिंतीवर सरळ, नकाशावर वाकडी, आणि रेघ एकच! मी खडू खाली ठेवला आणि त्यांनाच भांडू दिलं. तीन-चार मिनिटं. शेवटी गावभागवाली म्हणाली, “पाणी सगळीकडे एकाच उंचीवर असतं, जमीन नसते.” 

मला घसा दाटून आला होता, खरंच सांगतो. बारा वर्षांनी. मग काय, आयर्विन पुलापाशी पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, त्या वर्षी ५७ च्याही वर गेलं होतं. पूल सगळ्यांना पाठ. ४० ची रेघ, ४५ ची रेघ, ५० ची रेघ. जिथे रेघा जवळजवळ आल्या तिथे काय? “चढ!” जिथे लांब लांब? “सपाट, तिथं पाणी पळत येतं!” पाठाच्या पाच पायऱ्यांची ती हर्बार्टची पंचपदी कुठल्या कुठे राहिली, मूल्यमापनाचा प्रश्न मी विचारायच्या आधी पोरांनी विचारला. घंटा झाली तरी दोघं फळ्यापाशी उभे राहून आपलं घर कुठल्या दोन रेघांच्या मध्ये येतं ते बघत होते.

बाहेर आलो तर को-ऑर्डिनेटर मॅडम फॉर्म भरत होत्या. कागद माझ्या बाजूने उलटा होता, पण यार्डात समोरच्या वहीतला आकडा उलटा वाचायची सवय लागलीय. विषयज्ञान ९. डिजिटल साधनांचा वापर १. (पॅनेलला मी हात लावला नव्हता, बाजूच्या हिरव्या फळ्यावर लिहिलं. ते मान्य.) आणि वर्गनियंत्रण : ४.

चार, बाळ्या. मला. आपले मेथडचे सर मागच्या बाकावर बसून शेऱ्यात काय लिहायचे माझ्या? ‘वर्ग जागा आहे.’ दोन शब्द जास्त नाही. त्या शेऱ्यासाठी तू माझ्यावर जळायचास, कबूल कर.

चौथ्या दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ‘आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ खाली हात जोडलेले.

आठवडाभर मी नुसता त्या चारशी भांडत होतो. हिने दोनदा म्हटलं, जाऊ दे ना, त्यांना गोंगाट नको असेल. शेठनी तर उलट आनंद लपवला, बिचारे, नवीन हळदीचा हंगाम तोंडावर आहे. मी पण ठरवलं की मॅडमना कळलंच नाही, गोंधळ आणि गोंगाट यातला फरक त्यांना ठाऊक नाही.

पण मग मला एक पोरगा आठवायला लागला. खिडकीकडचा, मागून दुसऱ्या बाकावरचा. सगळा वर्ग ओरडत होता तेव्हा तो खाली बघून वहीच्या कडेला पेनाने टोचत होता. मी एकदा त्याच्याकडे बघून म्हटलं, “तुझं घर कुठं?” त्याने मान हलवली, नुसती. मी पुढे गेलो. वेळ नव्हता आणि पाठ रंगला होता. त्याच्या घरी काय झालं असेल त्या ऑगस्टमध्ये? काहीच झालं नसेल, लाजाळू असेल. पण झालं असेल तर? पस्तीस मिनिटं मी त्याच्या डोक्यावर पाणी ओतत राहिलो आणि वर पोरं ‘आमच्यात इतकं, आमच्यात तितकं’ अशी चढाओढ करत होती. मॅडम मागे बसल्या होत्या, त्यांना तो दिसत असणार. चार त्याचे तर नव्हते? नियंत्रण म्हणजे त्यांना गप्प बसवणं असं मी धरून चाललो, पण त्यांना दुसरंच म्हणायचं असेल.

हे मी हिला सांगू शकत नाही. ती म्हणेल तू उगाच स्वतःला दोष देतोस. पण तू २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर वर्गात उभा राहिला आहेस. वाशिष्ठी उतरल्यावर शाळा पुन्हा भरली तेव्हा तूच म्हणाला होतास की नदीचा धडा महिनाभर उघडला नाहीस. मी तेव्हा ‘धडा काय, धडा घ्यायचा’ असं काहीतरी बोललो होतो. आता विचारतो : मग कधी उघडलास? आधी पोरांना काय विचारलंस? कुणी बोललं नाही तर काय केलंस? मला सविस्तर लिही. ‘परिस्थिती बघून’ असलं लिहू नको, नाहीतर मी चिपळूणला येऊन बसेन.

पाठ चांगला झाला होता हे मला अजून वाटतं. आणि तो पोरगा मी सोडून पुढे गेलो हेही खरं आहे. नोकरी नाही मिळाली याचं दुःख वेगळं, त्याची आता सवय होईल. पण दुसऱ्या दिवशी त्याच वर्गावर जाऊन त्याच्या बाकापाशी उभं राहता आलं असतं, ते गेलं. शिक्षक असतो तर दुसरा दिवस मिळाला असता. उमेदवाराला पस्तीस मिनिटंच मिळतात.

तुझं सांग. एकवीस वर्षं शिकवून झाल्यावर तुला टीईटीला बसावं लागलं याचा मला खरंच राग आलाय. आठवीपर्यंतच्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी लावणारा १ सप्टेंबरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला तेव्हा पहिला तूच आठवलास, आठवी आहे ना तुझ्याकडे. २३ नोव्हेंबरला कसा गेला पेपर? बालमानसशास्त्रात तू माझ्याच वहीवर पास झालास, यावेळी वही कुणाची होती? परत बसावं लागलं तर सरावाच्या प्रश्नपत्रिका पाठवू का, माझ्याकडे ढीग आहे. छोटीचं दहावीचं वर्ष, तिला म्हणावं नकाशात पेन्सिल वापर. वहिनींच्या बहिणीचं ठरलं का? काकूंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं असेलच.

तासगावच्या बाजूला एक जाहिरात आहे, जूनपासूनची. अर्ज करणार आहे. मे महिन्यात परत डेमो होईल. तेव्हा बटाटा काढायचा की पूर, ते तुझं पत्र आल्यावर ठरवेन.

आणि एक काम. माझी निळी टाचण वही तुझ्याकडे राहिलीय, २००४ पासून. मागच्या पानांवर सरांचे सगळे शेरे आहेत. असली तर कुरिअर कर. पुरात गेली असेल तर गेली म्हणून कळव.

तुझा,
दिग्या

ता. क. : एसटीच्या पार्सलने दोन किलो हळद पाठवली आहे, राजापुरी, मी स्वतः निवडलेली. वहिनींना सांग, बाजारातल्या पिवळ्याधमक पुडीपेक्षा रंग कमी दिसेल, पण अर्धा चमचाच पुरतो.